शहाळ्यांची पोच

चिरंजीव मेहुणेसाहेबांस,

एका पाकिटात मावतील तितके आशीर्वाद.

(‘चिरंजीव’ तू वयाने लहान म्हणून आणि ‘साहेब’ तू मेहुणा म्हणून. लग्नाला एकोणीस वर्षं झाली तरी तुला अरे म्हणावं की अहो, हे माझं अजून ठरलेलं नाही. तुला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तू अर्ध्या चड्डीत होतास आणि माझ्या चष्म्याला हात लावू नकोस असं तुला तीनदा सांगावं लागलं होतं. अशा माणसाला अहो म्हणताना जीभ अडखळते. या पत्रात अरे म्हणतो; वाईट वाटलं तर मनातल्या मनात अहो वाचून घे.)

इकडे सगळे खुशाल आहेत असं आरंभी लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, त्यावर फार विसंबू नकोस. तुझी पाठ कशी आहे? गोदामात पेट्या उचलून उचलून ती धरते, असं तू ताईला कळवलं होतंस. तिने ते मला सांगितलं, मी चहा पिता पिता ऐकलं, आणि आमचं बोलणं संपल्यावर शेजारच्या खुर्चीतून तुझे बाबा म्हणाले की पेटी कमरेतून वाकून उचलायची नसते, गुडघ्यातून उचलायची असते. कुणाची पेटी, कुणाची कमर, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. निरोप पोचवतो आहे.

तर तुझं तिसरं पार्सल मंगळवारी मिळालं. दर खेपेप्रमाणे बारा शहाळी, अठरा नारळ, तेलाच्या दोन बाटल्या आणि ते छापील पत्रक, ‘बहुगुणी नारळ : पंचवीस उपयोग’. सगळं शाबूत. बाटल्यांभोवती गुंडाळलेलं वर्तमानपत्र मी सरळ करून वाचलं. तुमच्याकडची जेवढी खबरबात त्यात मिळाली तेवढी तू अडीच वर्षांत कळवलेली नाहीस. पार्सलाबद्दल आभार. खरं तर पत्र इथेच संपायला हवं, पण दोन कागद काढून ठेवले आहेत आणि आज सुट्टी आहे.

हे सगळं फोनवर का सांगत नाही, असं तू विचारशील. आमच्या घरात तीन खोल्या आहेत आणि बाबांची खुर्ची अशा जागी आहे की तिन्ही खोल्यांतलं बोलणं तिथे ऐकू येतं. मोबाइल घेऊन गच्चीत जावं तर परत आल्यावर ते विचारतात, गच्चीत काय होतं. शिवाय तुझ्या ताईला तुझ्याशी फोनवर बोलताना तिसऱ्या वाक्याला रडू येतं, आणि मग काय सांगायचं होतं ते बाजूलाच राहतं. पत्राला ही अडचण नाही. पत्र लिहिताना कुणी रडलं तर ते कागद वाळवून पुढे लिहू शकतं. (मी रडत नाहीये. सर्वसाधारण सांगतो आहे.)

बाबांच्या आजाराचं तुला ठाऊक आहेच. पोट बिघडलं, चार दिवस दवाखान्यात काढले, बरे होऊन घरी आले, पण अशक्तपणा काही जाईना. जिभेची चव गेली. साधं पाणी त्यांना कडू लागतं आणि दिवसभरात दोन कप चहाखेरीज पोटात काही ओलं जात नाही. डॉक्टर म्हणाले, या वयात अंगातलं पाणी असं कमी होऊन चालणार नाही. पाणी नको वाटत असेल तर सकाळी एक आणि दुपारी एक शहाळं द्या, त्यात क्षारही असतात, पोटालाही हलकं. नाहीतर पुन्हा दवाखान्यात आणून सलाईन लावावं लागेल, आणि दर वेळी ते सोपं जाईलच असं नाही. हे ताईने तुला कळवलं आणि आठव्या दिवशी तुझं पहिलं पार्सल दारात हजर झालं. तू मनाने चांगला आहेस, याबद्दल आमच्या घरात कधीच दुमत नव्हतं.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहितो. तुझ्या तीन पार्सलांतून आलेल्या छत्तीस शहाळ्यांपैकी बाबांनी एकही प्यायलेलं नाही. एक घोटसुद्धा नाही.

पहिल्या पार्सलाच्या वेळी आम्हाला वाटलं, चव गेली आहे, नको वाटत असेल. तुझी ताई पेला घेऊन समोर उभी राहिली. तिच्या त्या उभं राहण्यापुढे मी आजवर नाही म्हणू शकलेलो नाही. बाबांनी पेल्याकडे पाहिलं, तोंड फिरवलं आणि विचारलं, ‘‘हे त्या पार्सलातलं ना?’’ ती हो म्हणाली. ते म्हणाले, मग नको. मी तसाच खाली जाऊन फळवाल्याकडून एक शहाळं विकत आणलं. (आमच्याकडे ती फार लांबून येतात आणि चेहऱ्यावर प्रवासाचा शीण घेऊनच येतात.) तर म्हणाले, घरात डझनभर पडलेली असताना विकतचं आणणं ही उधळपट्टी आहे, मी त्यात सामील होणार नाही. म्हणजे घरातलं चालत नाही कारण ते पार्सलातलं, आणि बाहेरचं चालत नाही कारण घरात आहे. छत्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाशी वाद घालायचा नसतो हे मला तेव्हा नव्याने कळलं.

दुसरं पार्सल आलं तेव्हा मी घरी होतो, म्हणून खरा प्रकार डोळ्यांनी पाहिला. पोतं दारात ठेवून तुमच्या कुरिअरचा माणूस सही घेऊन गेला. बाबा भिंत धरत धरत खुर्चीतून उठले, चष्मा लावला आणि पोत्यापासून हातभर अंतर ठेवून उभे राहिले. हात पाठीमागे. त्यांनी चिठ्ठी मोठ्याने वाचली, माझं नाव, माझा पत्ता, पिनकोड. मग सुतळीकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, ‘‘गाठ टपाल खात्याची आहे.’’ (त्यांनीच तुला शिकवलेली.) एवढंच. आणि परत जाऊन बसले. मी म्हटलं, बाबा, तुमच्यासाठीच पाठवलंय त्याने. तर शांतपणे म्हणाले, ‘‘पार्सल वस्तूचं नसतं. नावाचं असतं. ज्याचं नाव त्याचं पार्सल.’’

आता हा तुमच्या घराण्याचा मामला आहे, मी बाहेरून आलेला माणूस. पण तुझे बाबा टपाल खात्याच्या पार्सल विभागात काय काय करत ते मी गेली एकोणीस वर्षं जेवताना ऐकत आलो आहे. दुसऱ्याच्या नावाच्या पार्सलाला त्यांनी कामाशिवाय हात लावलेला नाही. एकदा आंब्यांची पेटी पत्ता न सापडल्यामुळे विभागात पडून राहिली, वास इमारतभर सुटला, आख्खा विभाग पाघळला, आणि बाबांनी ती मोहोरबंद करून परत पाठवली. (ही गोष्ट तू माझ्याहून जास्त वेळा ऐकली असशील.) असा माणूस माझ्या नावाचं शहाळं पिईल, असं तुला वाटलंच कसं? आणि वाटलं नव्हतं, तर तू माझं नाव लिहिलंस का? याचं उत्तर मला ठाऊक आहे, म्हणून ते विचारत नाही.

आम्ही हात टेकले नाहीत, हे तुझ्या माहितीसाठी. तुझ्या ताईने शहाळ्याचं पाणी औषधाच्या बाटलीत भरून चमच्याने द्यायचा प्रयोग केला. बाबांनी वास घेतला आणि बाटली माझ्या पुढ्यात सरकवली. ‘‘तुमचं आहे,’’ म्हणाले. मग मी चिठ्ठीवरचं माझं नाव खोडून त्यांचं लिहिलं. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली आणि सांगितलं की पत्त्यात खाडाखोड आहे, अक्षर पाठवणाऱ्याचं नाही, असं पार्सल ते परत पाठवत असत. शेवटी मी एक बिनतोड उपाय काढला. कोऱ्या कागदावर रीतसर अधिकारपत्र लिहिलं, की माझ्या नावाने आलेलं पार्सल माझ्या वतीने स्वीकारण्याचा अधिकार मी सासऱ्यांना देत आहे. खाली सही, तारीख. त्यांनी ते दोनदा वाचलं, खूश झाले, अशी कागदपत्रं हल्ली पाहायला मिळत नाहीत म्हणाले. मग त्या अधिकारात पोत्याचा ताबा घेतला, ते ओढत ओढत (मला हात लावू दिला नाही) माझ्या समोर आणलं आणि म्हणाले, ‘‘घ्या तुमचं पार्सल. इथे सही करा.’’ मी सही केली.

मग ती शहाळी आणि नारळ गेले कुठे? सांगतो. ते आमच्यात गेले. टाकवत नाही म्हणून आम्ही दोघं ते प्यायलो, खाल्ले, लावले आणि चोपडले. तुझं पत्रक आम्ही स्वयंपाकघरात टाचून ठेवलं आणि क्रमाने पुढे गेलो. उपयोग पहिला ते पाचवा शहाळ्याच्या पाण्याचे होते : थकवा जातो, उन्हाळी लागत नाही, पचन सुधारतं वगैरे. आमचं पचन आधीच ठीक होतं, ते आणखी ठीक झालं. सहावा ते आठवा नारळाच्या दुधाचे. दोन आठवडे आमच्या ताटात पांढऱ्याखेरीज दुसरा रंग नव्हता. परिणाम असा, की पार्सलं सुरू झाल्यापासून माझं वजन तीन किलोंनी वाढलं आणि बाबांचं दोन किलोंनी उतरलं. डॉक्टर त्यांना तपासायला घरी आले, तर आधी माझ्याकडे बघून म्हणाले, तुम्ही जरा आवरतं घ्या. पत्रकही त्यांनी वाचलं. पंचवीसपैकी चार गोष्टी खऱ्या आहेत, पाच-सहा खऱ्या असू शकतात आणि उरलेल्या लिहिणाऱ्याला पंचवीस भरायचे होते म्हणून आहेत, असं त्यांचं मत पडलं. जाताना एक शहाळं मात्र पिऊन गेले.

नारळ फोडणे हा उपयोगांमध्ये धरलेला नाही, पण खरी मेहनत तिथेच आहे. ‘हलक्या हाताने मध्यभागी आघात करावा’ असं पत्रकात आहे. हलक्या हाताने मी अकरा आघात केले. बाराव्याला, हलका न राहिलेल्या हाताने, उंबऱ्याची फरशी उडाली आणि नारळ जिन्यावरून एकेक पायरी मोजत खालच्या मजल्यावर गेला. तिथे शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. त्या नारळ घेऊन वर आल्या, तो हातात धरून कोयत्याच्या पाठीने तीन टोल्यांत फोडून दिला आणि अर्धा घेऊन गेल्या. तेव्हापासून आमचे नारळ त्या फोडतात आणि अर्धे नेतात. हा व्यवहार मला न्याय्य वाटतो. काथ्याने भांडी घासावीत, हा नववा उपयोग. त्याने न चिकटणाऱ्या तव्याचा काळा थर साफ गेला, आता त्याला सगळं चिकटतं. करवंटीचं पेनस्टँड करावं, हा अकरावा. ते टेबलावरून गडगडत जातं आणि पेनं बाबांच्या खुर्चीखाली सापडतात. तेलाबद्दल एवढंच लिहितो की आमच्या घरात आता एकही उशी कोरडी नाही. तुझ्या ताईचे केस मात्र खरोखर छान झाले आहेत. तिने हे तुला कळवायला सांगितलेलं नाही, मी कळवतो आहे.

चौदाव्या उपयोगाबद्दल जरा विस्ताराने लिहायला हवं, कारण त्याचे कागद अजून ऑफिसात फिरत आहेत. तुला ठाऊक आहे, मी पाणीपुरवठ्याच्या नकाशा विभागात आहे. जमिनीखाली कुठला नळ कुठून गेला ते दाखवणारे जुने नकाशे आमच्याकडे एका लोखंडी कपाटात, रुंद चपट्या खणांमध्ये ठेवलेले असतात, आणि कागद खराब होऊ नयेत म्हणून ती खोली बारा महिने थंडगार ठेवतात. कपाटाचं कुलूप वर्षानुवर्षं कुरकुरतं. ‘कुलपे व सरकते खण यांस खोबरेल लावल्यास सुरळीत चालतात’ असं चौदाव्यात वाचून मी दोन आठवड्यांपूर्वी सोमवारी संध्याकाळी छोटी बाटली घेऊन गेलो आणि कुलूप, खण, चाकं, सगळं सढळ हाताने माखून ठेवलं. तेव्हा ते इतकं सुरळीत चालू लागलं की मी कौतुकाने चार वेळा उघडून मिटलं.

पत्रक लिहिणाऱ्याच्या गावी थंड खोली नसावी. खोबरेल तेल गारव्यात गोठतं, हे तुला लहानपणापासून ठाऊक असेल. मलाही ठाऊक होतं, फक्त ते डोक्याच्या तेलाबद्दल ठाऊक होतं, कपाटाच्या तेलाबद्दल माझ्या डोक्यात आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या चौकात मुख्य नळ फुटला. आमचे साहेब स्वतः धावत नकाशा विभागात आले, आणि किल्ली कुलपात फिरेना. खणांच्या कडांना पांढरी साय धरलेली. साहेबांनी विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, खोबरेल. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, हे त्यांचं मोठेपण. वातानुकूलन बंद केलं, खिडक्या उघडल्या, मी टेबलावरचा दिवा कुलपाशी धरून बसलो आणि साहेब फाइलने वारा घालायला लागले. (वाऱ्याने ते आणखी गार होईल, हे त्यांना सांगायचं धाडस विभागातल्या कुणाला झालं नाही.) पाऊण तासाने कुलूप पाघळलं. तोवर चौकातल्या फिटरने नकाशाशिवाय, पावलाने जमीन ठोकून, नळ कुठे बंद करायचा ते शोधून काम उरकलं होतं. साहेबांना नळ फुटल्याचं जितकं वाईट वाटलं नाही, तितकं आमच्यावाचून काम झाल्याचं वाटलं. समेट व्हावा म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या टेबलावर तुझ्याकडचा एक नारळ नेऊन ठेवला. आता, नोकरीत साहेबांनी माणसाला नारळ द्यायचा असतो, माणसाने साहेबांना नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. त्यांनी तो सूचना म्हणून घेतला की काय कोण जाणे, पण संध्याकाळपर्यंत मला लेखी खुलासा मागणारा कागद आला : शासकीय कपाटात खाद्यतेल घालण्यामागील हेतू स्पष्ट करावा. हेतू काय लिहू? मेहुण्याने पाठवलं होतं आणि ज्याच्यासाठी पाठवलं होतं तो ते घेत नव्हता, हा खरा हेतू. असं लिहिता येत नाही. ‘देखभाल’ असं लिहून दिलं आहे.

हे सगळं मी बाबांना जेवताना सांगितलं. ते हसले. फार दिवसांनी हसले, आणि त्या हसण्याने त्यांना दम लागला, इतकी ताकद कमी झाली आहे. मग म्हणाले की पार्सल चुकीच्या माणसाला दिलं की असंच होतं.

गेल्या बुधवारी सकाळी ते दात घासून येताना पॅसेजमध्ये खाली बसले. पडले नाहीत, बसले. तुझी ताई धावली तर म्हणाले, जरा टेकलोय. डोळे उघडे होते पण नजर ठरत नव्हती. डॉक्टर आले, घरीच दोन बाटल्या सलाईन लावलं, जीभ कोरडी आहे, नाडी बारीक आहे असं म्हणाले आणि दहा दिवसांची मुदत देऊन गेले. तोवर पाणी पोटात जायला लागलं नाही तर भरती करायचं. मी हे सरळ लिहितो आहे कारण आडवळणाने लिहून ते कमी होत नाही. मला भीती वाटते. ताई रात्री दोनदा उठून त्यांचा श्वास बघून येते. आणि स्वयंपाकघरात, पत्रकाखाली, बारा शहाळी रांगेने उभी आहेत, माझ्या नावाची.

अडीच वर्षांपूर्वी तू कुरिअर कंपनीचा तो निळा शर्ट घालून आलास तो दिवस मला आठवतो. तू बेल वाजवलीस, बाबांनी दार उघडलं, तुला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, शर्टावरचं कंपनीचं नाव वाचलं आणि विचारलं, ‘‘कुणाच्या नावाचं आहे?’’ तू हसायला हवं होतंस. तू म्हणालास, तुमचं खातं पाच वर्षांत बंद पडेल. त्यांनी दार लावलं नाही, हे मी मागे उभा राहून पाहिलं आहे. तूच जिना उतरलास. खातं अजून चालू आहे, तुझी कंपनीही चालू आहे, दोघांनाही कामं पुरून उरतात. तेव्हापासून कुणी माघार घेतलेली नाही, आणि मध्ये मी, दोघांच्याही पार्सलांवर सह्या करत.

असो. पाठीला जप. पेटी गुडघ्यातून उचल. तेलाची आणखी बाटली पाठवू नकोस, उशा संपल्या आहेत. माझ्याकडून काही कमी-जास्त लिहिलं गेलं असेल तर ते तुझ्या ताईच्या नवऱ्याने लिहिलं आहे असं समजून पोटात घाल.

तुझा,
तीन किलोंनी वाढलेला भाऊजी

ता. क. १ : या पत्रामागे माझी कसलीही मागणी नाही. पार्सल मिळाल्याचं कळवावं, एवढ्यासाठीच लिहिलं.

ता. क. २ : वरचं खरं नाही. मागणी आहे. पुढचं पार्सल, मोठं नको, एक शहाळं पुरे, हे पत्र मिळताच त्याच दिवशी सोड. चिठ्ठीवर बाबांचं नाव घाल. छापील पट्टी नको, यंत्राचं अक्षर नको. तुझ्या हाताने, पूर्ण नाव, मधलं आजोबांचं नावसुद्धा. ते अक्षर तपासतील हे लक्षात ठेव. पत्रक घालायची गरज नाही. तुला काही लिहायचं नसेल तर आत काही लिहू नकोस, त्यांना आतलं नकोच आहे. तू स्वतः घेऊन आलास तर नावाचा प्रश्नच उरणार नाही, पण तेवढं मागायचा मला अधिकार नाही. शर्ट कुठलाही घाल.

ता. क. ३ : पत्र पाकिटात घालायच्या आधी हे एवढं लिहितो. आत्ता बाबांनी विचारलं, कुणाला लिहिताय. मी खरं सांगितलं. त्यांनी वाचायला मागितलं नाही (दुसऱ्याच्या नावाचं पत्र), पण म्हणाले, पाकीट इकडे आणा, तुमच्या अक्षरात ते पोचायचं नाही. पत्ता मी शोधायला उठलो तर त्यांनी हाताने थांबवलं. तुझं नाव, गोदाम, रस्ता, पिनकोड, सगळं त्यांनी न विचारता लिहिलं. मध्ये दोनदा पेन खाली ठेवलं म्हणून वेळ लागला. प्रत्येक अक्षर सुटं आहे. तुम्ही कुरिअरवाले पाकीट न बघता फाडता, म्हणून सांगतो, टाकून दिलं असशील तर डब्यातून काढ आणि डाव्या कोपऱ्यात बघ. पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव हवं होतं. त्यांनी स्वतःचं लिहिलं आहे. मी चूक दाखवली नाही. छत्तीस वर्षांत त्यांनी पत्त्यात चूक केलेली नाही.